मेंदूच्या तळाशी निळा प्रकाश

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्याच्या काचेवर बोट घट्ट दाबून धरा. बोट लालभडक दिसते. हा खेळ बहुतेक प्रत्येक मुलाने केलेला असतो, आणि "आत रक्त आहे म्हणून लाल" हे उत्तरही वर्गातून लगेच येते. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. टॉर्चचा प्रकाश पांढरा असतो. त्यात निळा भाग तर भरपूर असतो, कारण पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी निळाच दिवा असतो. त्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. मग बोटात शिरलेला तो निळा गेला कोठे?

त्याचे दोन प्रकारे हाल होतात. काही भाग रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते. निळा, हिरवा, पिवळा हे सगळे रंग त्याला प्रिय आहेत. सुमारे ६०० नॅनोमीटरच्या पुढचा तांबडा मात्र ते बराचसा सोडून देते. उरलेला निळा भाग पेशींच्या गर्दीत इकडेतिकडे विखुरतो. विखुरण्याचा प्रकार पाहायचा असेल तर काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे चार-सहा थेंब टाका आणि एका बाजूने टॉर्च मारा. बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसते, समोरून पाहिले तर टॉर्च पिवळट-तांबूस दिसतो. लहान तरंगलांबीचा प्रकाश वाटेतच विखुरतो, मोठ्या तरंगलांबीचा त्यामानाने सरळ जातो. आमच्या गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत चिखलणी केलेल्या बांधीत वीतभर पाणी असते, पण तळ दिसत नाही. शरीराचे ऊतक प्रकाशाच्या दृष्टीने असेच आहे. ते काळे नाही, गढूळ आहे.

तांबड्याच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात हा गढूळपणा आणखी कमी होतो. याचा पुरावा २०२० आणि २०२१ साली घराघरांत पोचला होता. बोटाला चिमट्यासारखा लावायचा तो पल्स ऑक्सिमीटर आठवा. त्याच्या एका जबड्यात दोन दिवे असतात, एक सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त; समोरच्या जबड्यात प्रकाश मोजणारा संवेदक. नखापासून बोटाच्या पेरापर्यंत प्रकाश आरपार जातो म्हणूनच हे यंत्र चालते. निळा दिवा बसवला असता तर पलीकडे जवळपास काहीच पोचले नसते. १९७०च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी या यंत्रामागची कल्पना मांडली. त्यांचे निधन एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे साऱ्या जगाला त्या यंत्राची गरज पडली त्याच महिन्यांत झाले.

साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर या पट्ट्यात हिमोग्लोबिन फारसे शोषत नाही आणि पाणीही फारसे शोषत नाही. त्याच्या अलीकडे रक्त आडवे येते, पलीकडे पाणी. या पट्ट्याला शरीराची प्रकाश-खिडकी म्हणतात. आता अडचण अशी, की मेंदूच्या खोल भागात ज्या प्रकाशाची सर्वाधिक गरज पडते तो नेमका या खिडकीबाहेरचा, निळा आहे.

मेंदूला निळा प्रकाश हवा कशाला?

हे समजण्यासाठी मेंदूपासून जरा दूर, तळ्याच्या काठावर जावे लागेल. गोंदिया-भंडारा हा तलावांचा मुलूख. मालगुजारांच्या काळातले मामा तलाव, शेताच्या उशाशी असलेल्या बोड्या, नवेगावबांधसारखे विस्तीर्ण जलाशय. साचलेल्या पाण्याला हिरवी झाक येते ती सूक्ष्म शैवालांमुळे. त्यांपैकी एक क्लॅमिडोमोनास. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना त्याची आकृती तोंडपाठ असेल: एकच पेशी, दोन कशाभिका, पेल्याच्या आकाराचे हरितलवक आणि एका बाजूला तांबडा नेत्रबिंदू. या बिंदूच्या आधाराने ही पेशी प्रकाशाची दिशा ओळखते आणि पोहत जाते.

ती हे कसे करते याचा शोध घेताना जर्मन संशोधकांना तिच्या पेशीपटलात एक विलक्षण प्रथिन सापडले. त्याचे नाव चॅनेलरोडॉप्सिन. हे एक दार आहे असे समजा. त्यावर निळा प्रकाश, साधारण ४७० नॅनोमीटरचा, पडला की दार उघडते आणि धनभारित आयन आत शिरतात. प्रकाश गेला की दार मिटते. २००३ साली नागेल, हेगेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातल्या दुसऱ्या प्रकारच्या दाराचे गुणधर्म प्रसिद्ध केले. आता चेतापेशी कशाने उद्दीपित होते ते आठवा. धनभारित आयन आत शिरले की होते! म्हणजे या शैवालाचे जनुक चेतापेशीत बसवले, तर त्या पेशीला प्रकाशाचे बटण लागेल. २००५ साली स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड बॉयडन, कार्ल डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवले. या तंत्राला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात. डीएनएच्या रचनेमुळे परिचित असलेले फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ सालीच लिहून ठेवले होते की, मेंदू समजून घ्यायचा तर शेजारच्या पेशींना धक्का न लावता एकाच जातीच्या चेतापेशींवर ताबा मिळवता आला पाहिजे. पुढे १९९९ साली त्यासाठी प्रकाश उपयोगी पडेल असेही त्यांनी सुचवले.

या निवडीचे महत्त्व रुग्णांच्या बाजूने पाहिले तर अधिक कळते. कंपवाताच्या काही रुग्णांच्या मेंदूत बारीक विद्युतअग्रे कायमची बसवतात आणि छातीच्या कातडीखाली ठेवलेल्या यंत्रातून विजेची स्पंदने देतात. मुंबईसारख्या शहरांत ही शस्त्रक्रिया होते, तिला काही लाख रुपये लागतात आणि योग्य रुग्णाचा थरकाप तिने खरोखर कमी होतो. परंतु वीज ही निवड करीत नाही. टोकाजवळच्या सगळ्याच पेशी आणि तंतू तिच्या कक्षेत येतात, त्यामुळे काही जणांच्या बोलण्यावर परिणाम होतो. प्रकाशाने फक्त हव्या त्याच पेशी जाग्या करता आल्या तर? ऑप्टोजेनेटिक्सकडे डॉक्टरांचे डोळे लागले ते यामुळे.

मात्र प्रयोगशाळेतल्या उंदराला निळा प्रकाश द्यायचा तर केसासारखा काचतंतू मेंदूत खुपसावा लागतो. तो वाटेतले ऊतक दुखावतो, आणि प्राण्याच्या डोक्याला तार बांधलेली राहते. अवरक्त प्रकाश कवटीतून आत जाऊ शकतो, पण चॅनेलरोडॉप्सिनचे दार त्याने उघडत नाही. जाणारा उघडत नाही आणि उघडणारा जात नाही, असा हा पेच आहे.

नियम मोडतो का?

मग असे केले तर? अवरक्त प्रकाश आत पाठवायचा आणि आत गेल्यावर त्याचा निळा करायचा. हे वाक्य वर्गात म्हणून पाहा. भौतिकशास्त्र नीट शिकलेला एखादा विद्यार्थी हात वर करील आणि ते शक्य नाही असे सांगेल. त्याचे म्हणणे बिनबुडाचे नाही.

प्रकाश ऊर्जेच्या पुड्यांनी येतो. एका पुडीला फोटॉन म्हणतात. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढायची सोपी रीत म्हणजे १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागायचे. ९८० नॅनोमीटरच्या अवरक्त फोटॉनची ऊर्जा १.२७ येते. ४७५ नॅनोमीटरच्या निळ्या फोटॉनची २.६१. लहान नोट देऊन मोठी नोट कशी मिळणार? शिवाय १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी प्रतिदीप्तीचा अभ्यास करून नियम सांगितला की, पदार्थ शोषतो त्यापेक्षा मोठ्या तरंगलांबीचा, म्हणजे कमी ऊर्जेचा प्रकाश बाहेर टाकतो. दुकानात नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली नोटेतले धागे चमकतात ते याच रीतीने. अतिनील आत, दृश्य बाहेर. ऊर्जा थोडी गळते, वाढत मात्र नाही.

उत्तर असे की, लहान नोटा एकाहून जास्त दिल्या तर मोठी नोट मिळू शकते. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम एका फोटॉनला एक फोटॉन असे म्हणत नाही. तो फक्त एकूण हिशेब पाहतो. अडचण नियमाची नाही, वेळेची आहे. पहिला फोटॉन शोषून वर चढलेला इलेक्ट्रॉन सामान्य रंगद्रव्यात काही अब्जांश सेकंदच वर टिकतो आणि खाली येतो. तेवढ्यात दुसरा फोटॉन येऊन त्याला आणखी वर ढकलील ही शक्यता नगण्य.

आमच्याकडच्या राइस मिलमध्ये धानाच्या पोत्यांची थप्पी लावताना पाहिली असेल. एक हमाल पोते छातीपर्यंतच उचलू शकतो. मध्यावर फळी असेल तर पोते तिच्यावर टेकते, आणि दुसरा हमाल सवडीने येऊन ते तेथून वर चढवतो. फळी नसेल तर दोन्ही हमालांनी एकाच क्षणी हात लावायला हवा. जत्रेत मिळणारा हिरवा लेसर या दुसऱ्या, फळीविना चालणाऱ्या प्रकारचा आहे, हे मुलांना सांगण्याजोगे आहे. त्यातल्या अनेक लेसरांमध्ये मुळात अवरक्त किरण असतो आणि एका स्फटिकात दोन-दोन अवरक्त फोटॉन एकदम जुळून हिरवा होतो. पण त्यासाठी किरण अतिशय दाट लागतो. मेंदूपर्यंत पोचणारा विरळ प्रकाश त्या कामाचा नाही. तेथे फळीच हवी.

ही फळी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांनी पुरवली. आवर्तसारणीच्या तळाशी वेगळी काढून ठेवलेली आणि शिकवताना आपण बहुधा घाईने ओलांडतो ती लॅंथनाइडांची ओळ. यांच्या अणूंत काम करणारे इलेक्ट्रॉन ४एफ कक्षेत असतात, आणि त्या कक्षेवर बाहेरच्या ५एस आणि ५पी कक्षांचे पांघरूण असते. आजूबाजूच्या अणूंचा धक्का आत फारसा पोचत नाही. म्हणून उद्दीपित अवस्था सहस्रांश सेकंदाच्या घरात टिकते, साध्या रंगद्रव्यापेक्षा लाखपट किंवा त्याहूनही जास्त. आपल्याला सहस्रांश सेकंद म्हणजे काहीच नाही. फोटॉनच्या जगात तो मोठा मुक्काम आहे.

प्रत्यक्षात दोन मूलद्रव्ये मिळून काम करतात. यटर्बियम ९८० नॅनोमीटरचा प्रकाश चांगला शोषतो. त्याला वरची एकच पायरी आहे, म्हणून तो स्वतः उंच चढत नाही. मिळालेली ऊर्जा शेजारच्या अणूला देतो. शेजारी एर्बियम असेल तर यटर्बियमकडून दोन हप्ते मिळाल्यावर तो हिरवा प्रकाश देतो. हिशेब पाहा: दोन हप्ते म्हणजे २.५३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि ५४० नॅनोमीटरचा हिरवा फोटॉन २.३० चा. थोडे उष्णतेत गेले, बाकी प्रकाशात आले. निळ्यासाठी २.६१ लागतात, दोन हप्त्यांत भागत नाही. तेथे थुलियम हे मूलद्रव्य वापरतात आणि त्याला तीन हप्ते लागतात. अकरावीच्या विद्यार्थ्यांना हा हिशेब फळ्यावर स्वतः करू द्यावा. कोणत्या रंगाला किती फोटॉन लागतील हे त्यांनी आपणहून काढले, की ऊर्जा अक्षय्यता पुस्तकातून बाहेर येते.

ऊर्जेची अशी बेरीज १९६६ साली फ्रान्समध्ये फ्रांस्वा ओझेल यांनी आणि सोव्हिएत संघात ओव्हस्यान्किन व फेओफिलोव्ह यांनी स्वतंत्रपणे दाखवली. हा शोध मेंदूसाठी मुळीच नव्हता. ओझेल लेसरसाठी काचा तयार करीत होते. पुढे सोडियम यट्रियम फ्लोराइड हा स्फटिक या मूलद्रव्यांना फार चांगले घर आहे असे आढळले. त्याच्या जाळीची कंपने मंद ऊर्जेची असतात, त्यामुळे फळीवरचे पोते कोणी हलवून खाली पाडत नाही.

शेजारच्या प्रयोगशाळेत

लॅंथनाइड हे नाव परके वाटते, पण आपल्या भागाचा त्यांच्याशी संबंध जुना आहे. गोंदियाची महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत त्या नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फॉस्फर, म्हणजे ऊर्जा घेऊन प्रकाश देणारे पदार्थ, यांवर कित्येक दशके काम होत आले आहे. प्रा. एस. व्ही. मोहरील आणि प्रा. एस. जे. ढोबळे ही त्यातली परिचित नावे. त्या कामातला एक पदार्थ डिस्प्रोशियम मिसळलेले कॅल्शियम सल्फेट. इस्पितळात क्ष-किरण विभागातले तंत्रज्ञ छातीला एक बिल्ला लावतात तो पाहिला असेल. त्यातल्या चकत्यांत हाच पदार्थ असतो. क्ष-किरणांची ऊर्जा तो साठवून ठेवतो. नंतर बिल्ला तपासणीला गेला की चकती तापवतात, आणि साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. प्रकाश जेवढा, तेवढी त्या माणसाला मिळालेली मात्रा. डिस्प्रोशियम हा थुलियम-एर्बियमच्या आळीतलाच. ऊर्जा टिकवून धरण्याचा गुण एका ठिकाणी प्रारण मोजायला आला, दुसऱ्या ठिकाणी मेंदूत दिवा लावायला. मेंदूवरचे प्रयोग मात्र दूर झाले.

२०१८ साली सायन्स या साप्ताहिकात जपानच्या रिकेन संस्थेतील शुओ चेन, थॉमस मॅकह्यू आणि सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील शियाओगांग लिऊ यांच्या गटाने एक प्रयोगमाला प्रसिद्ध केली. सोडियम यट्रियम फ्लोराइडच्या स्फटिककणांत यटर्बियम आणि थुलियम घालून वर सिलिकाचे आवरण दिलेले होते. हे कण नॅनोमीटरच्या मापाचे. ६० नॅनोमीटरचा एक कण धरला, तर सहा मिलिमीटरच्या तांदळाच्या दाण्यावर असे एक लाख कण एका ओळीत बसतील. उंदराच्या मेंदूच्या तळाकडे डोपामाइन तयार करणाऱ्या पेशींचा पुंजका असतो, पृष्ठभागापासून चार मिलिमीटरहून थोडा खोल. त्या पेशींत शैवालाचे जनुक बसवले, शेजारी कण टोचले, आणि कवटीच्या बाहेरून ९८० नॅनोमीटरच्या प्रकाशाची स्पंदने दिली. पेशी जाग्या झाल्या, डोपामाइन स्रवले. कवटीच्या आत काचतंतू नव्हता.

याच लेखात आणखी दोन प्रयोग आहेत. एर्बियमचे हिरवे कण आणि पेशींना शांत करणारे एक वेगळे प्रथिन वापरून फिट आणलेल्या उंदरांमधल्या अतिउत्तेजित पेशी शमवल्या. आणि भीतीची आठवण साठवणाऱ्या पेशी बाहेरून प्रकाश देऊन जाग्या केल्या, तेव्हा आजूबाजूला भिण्यासारखे काही नसताना उंदीर भीतीने थिजला. हा शेवटचा प्रयोग वाचून अस्वस्थ वाटले नाही तर नवल.

प्रकाशाचा दुसरा उपयोग पाहण्यासाठी. ऊतकावर निळा किंवा अतिनील प्रकाश टाकला की त्यातले अनेक रेणू स्वतःच मंद चमकतात, आणि जे शोधायचे ते त्या चमकेत हरवते. अवरक्त टाकून अधिक ऊर्जेचा प्रकाश परत देणारे रेणू मात्र शरीरात नैसर्गिकपणे नसतात. त्यामुळे कण जेथे असतील तेवढेच दिसते, बाकी पार्श्वभूमी काळी. थुलियमचे कण निळ्याबरोबर ८०० नॅनोमीटरचाही प्रकाश देतात. ९८० आत, ८०० बाहेर. जाणारा आणि येणारा दोन्ही खिडकीजवळचे. खोल प्रतिमेसाठी म्हणूनच ही जोडी सोयीची. मेंदूच्या रक्तवाहिन्या पाहण्यासाठी आणखी पुढची, १३०० ते १४०० नॅनोमीटरची खिडकीही वापरतात. २०१४ साली स्टॅनफर्डच्या होंगजी दाई यांच्या गटाने कार्बनच्या नॅनोनळ्या रक्तात सोडून उंदराची कवटी न उघडता दोन मिलिमीटरहून खोल असलेल्या रक्तवाहिन्या टिपल्या.

उंदीर आणि माणूस

अशा बातम्या येतात तेव्हा मथळा असतो: शस्त्रक्रियेविना मेंदूवर उपचार. ज्यांच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे ते कात्रण काढून ठेवतात आणि शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकालाच विचारतात, हे आपल्याकडे कधी येणार? म्हणून पुढचा हिशेब प्रत्येक शिक्षकाजवळ असावा असे मला वाटते.

पहिली गोष्ट, शस्त्रक्रियेविना हे अर्धसत्य आहे. काचतंतू गेला, सुई राहिली. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये जो रोध असतो तो असले कण रक्तातून सहज आत जाऊ देत नाही, त्यामुळे कवटीला छिद्र पाडून कण नेमक्या जागी टोचावे लागतात. शैवालाचे जनुकही निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून तसेच न्यावे लागते. ते जनुक आणि ते कण नंतर तेथेच राहतात. विद्युतअग्र काढता येते. हे काढता येत नाहीत.

दुसरी गोष्ट अंतराची. अवरक्त प्रकाश ऊतकात एक सेंटिमीटर गेला की दहावा हिस्सा उरतो असे समजू. हे गृहीत बरेच उदार आहे, आणि कवटीतले नुकसान आपण सोडून देत आहोत. उंदराच्या चार मिलिमीटरला सुमारे ४० टक्के प्रकाश उरतो. पण निळ्यासाठी तीन फोटॉन लागतात, म्हणून मंद प्रकाशात निळ्याचे प्रमाण घनाने बदलते: ०.४ चा घन, म्हणजे सुमारे ६ टक्के. निभावते. माणसात कंपवातासाठी जेथे विद्युतअग्र बसवतात ती जागा कवटीपासून सात-आठ सेंटिमीटर खोल आहे. सात सेंटिमीटरला प्रकाश उरतो एक कोटीवा हिस्सा. त्याचा घन केलात तर एकावर एकवीस शून्ये देऊन भागावे लागेल. उंदराचा अख्खा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, माणसाचा सव्वा ते दीड किलो. उंदरात जे झाले ते माणसात आणखी थोड्या शक्तीने होईल, असे हे प्रकरण नाही.

मग शक्ती वाढवावी, तर तिसरी अडचण. पाणी ९७० ते ९८० नॅनोमीटरच्या आसपासच प्रकाश विशेष शोषते आणि तापते. यटर्बियमची आवड आणि पाण्याची आवड दुर्दैवाने एकच. म्हणून काही गट कणांत निओडिमियम मिसळून ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात; पाणी तो कमी शोषते. शिवाय कणांची कार्यक्षमताच तुटपुंजी आहे. यटर्बियम-एर्बियमच्या मोठ्या स्फटिकात शंभरापैकी तीन टक्क्यांच्या घरात रूपांतर होते, तर २०१० साली मोजलेल्या नॅनोकणांत ते ०.००५ ते ०.३ टक्के भरले. कण जितका लहान तितके त्याचे अणू पृष्ठभागावर उघडे, आणि तेथून ऊर्जा गळते. वर निष्क्रिय स्फटिकाचे कवच चढवले की गळती बरीच थांबते. या क्षेत्रातली बरीचशी मेहनत त्या कवचावर चालू आहे.

आणि प्रतिस्पर्धीही आहेत. डायसेरॉथ यांच्याच गटाने पुढे सीएचआरमाइन नावाचे एक अतिसंवेदनक्षम प्रथिन वापरले. ते तांबड्या प्रकाशानेही जागे होते, त्यामुळे रूपांतर करणाऱ्या कणांची गरजच राहत नाही. उंदराच्या मेंदूत सात मिलिमीटरपर्यंत कवटीबाहेरून उद्दीपन शक्य झाल्याचे त्यांनी दाखवले. दुसऱ्या एका मार्गात ध्वनी वापरतात: २०१९ साली स्टॅनफर्डच्याच गुओसोंग होंग यांच्या गटाने झिंक सल्फाइडचे कण उंदराच्या रक्तात सोडले. कातडीजवळून जाताना ते प्रकाशाने भारले जातात आणि खोल गेल्यावर श्राव्यातीत ध्वनीच्या दाबाने निळा प्रकाश देतात. ध्वनी ऊतकात प्रकाशापेक्षा पुष्कळ खोल जातो, हे सोनोग्राफीमुळे सर्वांना माहीत आहेच. मला स्वतःला माणसाच्या मेंदूसाठी हा ध्वनीचा मार्ग अधिक आशादायक वाटतो, निदान अंतराच्या बाबतीत.

ऊर्जा वर चढवणारे कण माणसाला आधी उपयोगी पडतील ते बहुधा प्रकाश मुळात पोचतो अशा ठिकाणी. डोळा हे त्याचे उघड उदाहरण. २०१९ साली उंदरांच्या दृष्टिपटलाजवळ असे कण टोचले तेव्हा त्यांना अवरक्त नमुने ओळखता येऊ लागले, आणि हा गुण सुमारे दहा आठवडे टिकला. माणसातही ऑप्टोजेनेटिक्सचे पहिले ठळक यश डोळ्यातलेच आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात, दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराने अंध झालेल्या एका माणसाला असेच प्रकाशसंवेदी प्रथिन आणि खास चष्मा यांच्या साहाय्याने टेबलावरच्या वस्तू ओळखता व मोजता येऊ लागल्या. तेथे ना कवटी आडवी येते, ना सात सेंटिमीटर.

वर्गात काय करता येईल

टीव्हीच्या रिमोटचा पुढचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा आणि बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, कॅमेऱ्यात जांभळट ठिणगी दिसते. मागच्या कॅमेऱ्यात दिसली नाही तर पुढचा वापरा. काही कॅमेऱ्यांत अवरक्त अडवणारी काच बसवलेली असते. मग अंधारात रिमोट आणि कॅमेरा यांच्यामध्ये तळव्याची पातळ कडा धरून पाहा. बाजारात स्वस्तात मिळणारे ९८० नॅनोमीटरचे लेसर मात्र शाळेत आणू नयेत. तो किरण दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळा कायमचा दुखावतो.

दुसरा प्रयोग बोडीच्या पाण्याचा. पावसाळ्यानंतर हिरवट झालेले पाणी पारदर्शक बाटलीत भरा. बाटलीला सगळीकडून काळा कागद गुंडाळा आणि एका बाजूला बोटभर रुंदीची फट ठेवा. फट खिडकीकडे करून सावलीत तासभर ठेवा, मग कागद हलकेच काढा. पोहणारी शैवाले भरपूर असतील तर फटीच्या जागी हिरवा पट्टा जमलेला दिसतो. आता बाटली हलवून पुन्हा तसेच करा, पण फटीवर एकदा निळा आणि एकदा तांबडा जिलेटिन कागद लावा. निळ्याखाली पट्टा जमतो, तांबड्याखाली जमत नाही. तेथले एक थेंब पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर गोलसर, दोन कशाभिकांच्या पेशी सापडतील. लांबट आणि अंग आखडत सरकणाऱ्या दिसल्या तर त्या युग्लिना, त्यांनाही निळाच रंग कळतो. बाटली थेट उन्हात ठेवू नका. प्रकाश फार प्रखर झाला की याच पेशी फटीपासून उलट्या दिशेने पोहत जातात.